लागत नाही हो हे कुणाला

‘लागत नाही हो हे कुणाला’ हे वाक्य मला निरनिराळ्या सुरांत म्हणता येतं. सलूनमध्ये मान पुढे करण्याआधीच सांगून टाकायचं असेल तर सहज, जवळजवळ हसत. नव्या ओळखीच्या माणसाने हात पुढे केला आणि त्याची नजर मधेच माझ्या मनगटावर अडली, तर जरा घाईने. पोहण्याच्या तलावावर, जिथे दोघे-चौघे पाण्याबाहेर निघायच्या विचारात दिसतात, तिथे मोठ्याने, सगळ्यांना मिळून एकदाच. आणि माझा त्वचेचा आजार, सोरायसिस, उफाळलेला असताना, कोपर-गुडघे चिरलेले आणि रात्रभर खाजेने झोप नाही अशा दिवसांत, मी ते म्हणतच नाही. बाही खाली ओढतो आणि विषय बदलतो.

वाक्य खरं आहे. सोरायसिस हाताने, पाण्याने, टॉवेलने, कशानेच पसरत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते. त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन झडून जायला एरवी साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये हा सगळा प्रवास काही दिवसांतच उरकतो. पुरत्या न पिकलेल्या पेशी एकावर एक साचतात, ती खपली. तिच्याखाली रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, तो लाल किंवा सावळ्या अंगावर जांभळट दिसणारा चट्टा. जंतू नाही, बुरशी नाही, आंघोळीची कसूर नाही. जगात किमान 10 कोटी लोकांना हा आजार आहे असं जागतिक आरोग्य संघटनेचा 2016 चा अहवाल म्हणतो. त्याआधी, 2014 मध्ये, जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर एक ठरावच केला आणि या रुग्णांना समाजात सोसाव्या लागणाऱ्या अवहेलनेचा त्यात उल्लेख केला. एवढं सगळं पाठ असून प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा माझ्याकडे असतात चार शब्द आणि दोन सेकंद.

शिवाय त्या चार शब्दांत मला एक गोष्ट खुपते. ‘आमचा लागत नाही’ म्हणताना मी नकळत दुसऱ्या कुणाला तरी पुढे ढकलत असतो. आम्हाला घाबरू नका, घाबरायचंच तर त्यांना घाबरा. शतकानुशतकं हे ‘ते’ म्हणजे कुष्ठरुग्ण, आणि त्या गर्दीत आम्हीही होतो, कारण दोन्ही आजारांत धड फरकच केला जात नव्हता. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये रॉबर्ट विलन याने सोरायसिसचं नेमकं वर्णन केलं, पण एका प्रकाराच्या नावात ‘लेप्रा’ हा कुष्ठरोगाशी जोडलेला शब्द तसाच राहू दिला. 1841 मध्ये व्हिएन्नात फर्डिनांड फॉन हेब्रा याने दोन आजार वेगळे आहेत हे ठामपणे मांडलं. त्याच्या आधी माझ्यासारखी कोपरं असलेली किती माणसं वेशीबाहेर काढली गेली असतील, याची नोंद कुणी ठेवलेली नसणार. आणि ज्या कुष्ठरोगाशी आमची गल्लत झाली, तोही काही धरल्याशिवल्याने झपाट्याने लागणारा नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला थोपवण्याची ताकद मुळातच असते. म्हणजे आम्ही ज्यांच्यात धरले गेलो, त्यांनाही बाहेर काढायचं कारण नव्हतंच.

माहिती दिली की भीती जाते, असं समजून सगळ्या जनजागृतीच्या मोहिमा चालतात. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. मग मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1986 च्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. मेलेलं, पूर्ण निर्जंतुक केलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढायचं आणि रस समोरच्याला द्यायचा. झुरळ निर्जंतुक आहे हे त्याला आधी सांगितलेलं, त्याला ते पटलेलंही. तरी तो रस नकोसाच होतो. कारण विचारलं तर नीट सांगता येत नाही. मी तिथे असतो तर मीही तो ग्लास लांब सारला असता, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही. पण तेव्हापासून ‘लोकांना माहीत नाही म्हणून ते असं वागतात’ हे मला अर्धंच पटतं. माहिती डोक्यात शिरते. हात मागे घेणारं जे काही आपल्या आत आहे, ते डोक्याला विचारायला थांबत नाही.

आता याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग.

1980 मध्ये रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या संशोधकांनी काही जणांच्या गालावर मेकअपने एक व्रण रंगवला, चांगला ठसठशीत. आरशात दाखवला. मग अनोळखी माणसाशी बोलायला पाठवण्याआधी ‘हा सुकून तडकू नये म्हणून जरा क्रीम लावतो’ असं म्हणत तो चक्क पुसून टाकला. त्या मंडळींना याचा पत्ता नव्हता. स्वच्छ चेहऱ्याने ती आत गेली, बोलून बाहेर आली आणि सांगू लागली की समोरचा अवघडलेला होता, त्याचं वागणं व्रणामुळे बदललं होतं. याउलट ज्यांना सांगितलं होतं की तुम्हाला साधी ॲलर्जी आहे एवढंच समोरच्याला कळवलंय, त्यांना असलं काही विशेष जाणवलं नाही.

आत्मविश्वासावर भाषणं देणाऱ्यांचा हा लाडका प्रयोग आहे. ‘बघा, व्रण तुमच्या मनात आहे,’ असं म्हणून ते टाळ्या घेतात. मला या मंडळींचा राग येतो. व्रण रंगवलेल्या लोकांना त्याच दिवशी घरी जायचं होतं. त्यांच्या आयुष्यात त्याआधी कुणी त्यांचा टॉवेल वेगळा ठेवलेला नव्हता. त्यांची समजूत खोटी निघाली म्हणून माझा अनुभवही खोटा, हे गणित कुठून आलं? पण राग ओसरल्यावर कबूल करावं लागतं की प्रयोग माझ्याबद्दलही काहीतरी सांगतो. त्या दोन प्रयोगांच्या मधल्या जागेत मी राहतो. लोक खरोखर मागे सरकतात. आणि ते सरकले नसले तरी मला सरकल्यासारखे दिसतात. एखाद्या ठरावीक दिवशी, ठरावीक माणसाच्या बाबतीत, यातलं कोणतं घडलं ते मला कळायचा काही मार्ग नाही.

एका सहकाऱ्याला मी सही करायला माझं पेन दिलं होतं. सही झाली. मी त्याचं पेन परत करतोय अशा थाटात तो म्हणाला, ‘राहू दे तुझ्याकडेच.’ पेन माझंच होतं. तो गडबडीत होता का? की हातातलं पेन टेबलावर ठेवून तो मोकळा झाला आणि मग तोंडाला आलं ते बोलला? त्याला माझ्या आजाराबद्दल सगळं माहीत होतं. मी सांगायला लागलो तेव्हा त्यानेच ‘हो हो, ऑटोइम्यून ना’ म्हणून वाक्य पुरं केलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात ते पेन होतं. त्याच्या डोक्यात अर्धा मिनिटही नसेल.

असं सारखं चालतं. नातेवाइकांकडे बाळाला घ्यायला हात पुढे करावा, तर ‘आत्ताच झोपायला आलंय’ असं ऐकू येतं, आणि खरंच बाळाचे डोळे जडावलेले असतात. भरलेल्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा दोन थांबे रिकामी राहते, आणि उभ्या असलेल्यांना कदाचित पुढच्याच थांब्यावर उतरायचं असतं. मुलाखतीत निवड होत नाही. माझ्याहून सरस कुणीतरी असेलच. यातली कुठलीही एक गोष्ट उचलून ‘हे माझ्या कातडीमुळे झालं’ असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. आणि ‘कातडीमुळे झालं नाही’ असंही नाही. पावतीच न मिळणारा हा व्यवहार आहे. तोंडावर कुणी अपमान केला तर निदान रागवता तरी येतं, उत्तर देता येतं, घरी येऊन चार जणांना सांगता येतं. एकदा एका तलावावर देखरेखीच्या माणसाने मला सगळ्यांसमोर पाण्याबाहेर यायला सांगितलं. भयंकर वाटलं. पण खरं सांगतो, झोप लागली त्या रात्री. पेनच्या रात्री लागली नाही.

म्हणून मला वाटतं, या आजाराचा जो भाग माणसाला झिजवतो तो नकारापेक्षाही हा हिशेब आहे. समोरच्याच्या नजरेचा माग काढायचा. ती कपाळाच्या कडेला, केसांच्या रेषेवर किती वेळ रेंगाळली ते टिपायचं. खपलीकडे बघून वर आलेली नजर आणि सहज फिरून आलेली नजर यांतला फरक ओळखायचा. यात मी इतका तरबेज झालोय की समोरचा काय बोलतोय त्यातलं अर्धं निसटतं. मित्र म्हणतात, तू हल्ली गप्प असतोस. गप्प कसला, कामात असतो. सोरायसिसच्या रुग्णांना वाटणाऱ्या कलंकाच्या भावनेवर 1989 मध्ये गिन्सबर्ग आणि लिंक यांनी एक अभ्यास केला होता. त्यांनी त्या भावनेचे जे पदर वेगळे केले त्यात नकार मिळेल अशी धास्ती होती, आपल्यातच काही खोट आहे ही भावना होती, अपराधीपणा आणि लाज होती, लपवाछपवी होती. नकाराची धास्ती. नकार नव्हे. नाव वाचलं आणि वाटलं, चला, निदान कुणी हे कागदावर तरी मांडलंय.

धास्ती असली की माणूस शहाणपणा करतो. समोरच्याने हात मागे घ्यायच्या आत आपणच लांबून नमस्कार करायचा. फोटो काढायला सगळे जमले की ‘द्या, मी काढतो’ म्हणून फोन हातात घ्यायचा. सहलीला पोहणं असेल तर सर्दी होते. माझ्याकडे काळा शर्ट नाही, कारण खांद्यावर पडलेला भुगा काळ्यावर चांदण्यासारखा उठून दिसतो आणि लोक त्याला कोंडा समजून शांपू सुचवतात. गडद गादीच्या खुर्चीवरून उठताना मी मागे वळून हात फिरवतो. दुसऱ्याच्या घरी मुक्काम करावा लागला तर सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चादर झटकतो, आणि त्यातही नखाने खाजवलेल्या जागेतून रक्ताचा ठिपका लागलेला दिसला की दिवसाची सुरुवात तिथेच होते. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं नीटनेटकेपणा वाटतं. एका काकूंनी त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं.

यात आजाराचीही खोड आहे. सोरायसिस असलेल्या त्वचेला खरचटलं, घासलं, कापलं तर त्याच रेषेवर नवा चट्टा येऊ शकतो. हाइनरिश कोब्नर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने 1870 च्या दशकात हे मांडलं, आजही त्याच्याच नावाने ते ओळखतात. म्हणजे चट्टा झाकायला घातलेला घट्ट कपडा जिथे घासतो, तिथे झाकायला आणखी एक चट्टा. मानसिक ताणाने आजार उफाळतो, उफाळला की दिसतो, दिसला की ताण येतो. यावर डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात. सूचनेबद्दल आभार.

सूचना हा तर वेगळ्या लेखाचा विषय. प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी असतो ज्याचा सोरायसिस एका लेपाने किंवा एका पथ्याने ‘मुळापासून’ गेला. हा आजार आपोआप ओसरतो आणि आपोआप परततो, त्यामुळे ओसरायच्या सुमारास जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. मी ऐकून घेतो, मान हलवतो. सांगणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा माया असते. फक्त शेवटी ‘तू मनावर घेत नाहीस’ असं आलं की मी उठतो.

स्पर्शाबद्दल लिहिणं सगळ्यात अवघड. माणसाच्या केसाळ त्वचेत, म्हणजे तळहात-तळपाय सोडून जवळपास सगळीकडे, मज्जातंतूंचा एक खास प्रकार असतो, सी-टॅक्टाइल तंतू. टोचणं-दुखणं कळवायला दुसरे तंतू आहेत. हे हळुवार हात फिरवण्याला प्रतिसाद देतात. सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर या वेगाला सगळ्यात जास्त. त्याहून भराभरा किंवा अगदीच रेंगाळत हात फिरला तर ते तितके जागे होत नाहीत. आई पोराच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग. शरीराने मायेसाठी स्वतंत्र तारा ओढून ठेवल्यात, आणि त्या नेमक्या याच अवयवात आहेत ज्याला हात लावायला लोक बिचकतात आणि जो पुढे करायला आम्ही.

माझ्या पाठीला मलम माझी बायको लावते, कारण माझा हात पोचत नाही. बोटाच्या पेरावर काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, हे आम्हाला डॉक्टरांनी शिकवलंय. स्टेरॉईडचं मलम जास्त झालं तर त्वचा पातळ होते, म्हणून ती मोजून लावते. वर्षानुवर्षं आमच्यातला बराचसा स्पर्श हा असा मोजलेला होता. एकदा ती मलम संपवून, हात पुसून परत आली आणि पाठीवर नुसताच हात ठेवला. मी म्हटलं, ‘तिथे राहिलं का लावायचं?’ ती म्हणाली, ‘काही राहिलं नाही. गप्प बस जरा.’ मला गप्प बसायला जमलं, पण अंग सैल सोडायला फार वेळ लागला. त्या वेळी तिथे परकं कुणीही नव्हतं, बघणारं कुणी नव्हतं, ज्याच्या नजरेचा माग काढावा असं काही नव्हतं. तरी पाठ आखडलेलीच. धास्तीला समोर माणूस लागतोच असं नाही.

दवाखान्यात आजार मोजायच्या दोन पद्धती माझ्या वाट्याला आल्या. एकीत डॉक्टर मोजतात. लाली किती, जाडी किती, खपली किती, अंगाचा किती भाग व्यापलाय, त्यावरून 0 ते 72 असा आकडा. हिला पासी म्हणतात. ती उपयोगाची आहे, उपचार बदलायचे की नाहीत ते तिच्यावरून ठरतं. पण पाठभर पसरलेला चट्टा शर्टाखाली मुकाट राहतो आणि तळहातावरचा एवढासा चट्टा दिवसातून दहा माणसांसमोर उघडा पडतो, हा हिशेब तिच्यात बसत नाही. दुसरी पद्धत ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात 1994 मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची. ती रुग्णाने भरायची असते. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती अवघडल्यासारखं वाटलं? कपडे निवडताना किती फरक पडला? जवळच्या माणसांशी संबंधांत अडचण आली का? शरीरसंबंधांत आली का? उपचारांचा किती त्रास झाला, म्हणजे घरात पसारा, वेळ जाणं वगैरे? हा शेवटचा प्रश्न वाचून मला हसू आलं होतं. तेलकट झालेल्या उशांच्या अभ्र्यांची चौकशी विज्ञान करेल असं कधी वाटलं नव्हतं. बहुतेक प्रश्नांना ‘खूपच’, ‘बराच’, ‘थोडासा’, ‘अजिबात नाही’ यांपैकी एक उत्तर. बेरीज जास्तीत जास्त 30.

या आजारात नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, हे आता पक्कं आहे. तरी डॉक्टरांनी मनाबद्दल विचारावं यासाठी बहुतेक वेळा हा कागदच निमित्त होतो. सांधे दुखतात का हे ते आवर्जून विचारतात, आणि विचारायलाच हवं, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरतो. झोप लागते का, लोकांत जाता का, हे मात्र रुग्णालाच काढावं लागतं.

मलमं झाली, अतिनील किरणांचे उपचार झाले, गोळ्या झाल्या. मग इंटरल्युकिन-17 नावाचा प्रतिकारशक्तीचा एक निरोप्या अडवणारं इंजेक्शन सुरू झालं. ही बायोलॉजिक औषधं आजार कायमचा घालवत नाहीत. थांबवली की तो बहुधा परत येतो. पण माझं अंग काही आठवड्यांत स्वच्छ झालं. इतकं स्वच्छ, की कोपर कुठल्या रंगाचं असतं ते मला नव्याने कळलं. आणि मग एक मजेशीर प्रकार सुरू झाला. बसमध्ये माझ्या शेजारची जागा अधूनमधून तरीही रिकामी राहायची. लोक फोनवर बोलताना तरीही माझ्यापासून लांब सरकायचे. एका बाळाला मी उचललं तर ते तरीही भोकाड पसरून रडलं. म्हणजे जगातला काही तुटकपणा सगळ्यांच्याच वाट्याला येतो आणि मी माझ्या वाट्याचा इतकी वर्षं कातडीच्या खात्यावर मांडत होतो. किती, ते आता काढता येणार नाही. उलट, जे हात आता न बिचकता पुढे येतात, त्यांची संख्याही मला दिसते, आणि ती आधीपेक्षा जास्त आहे. तेव्हा सगळं माझ्या मनात होतं असंही कुणी म्हणू नये.

परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी पासी काढला, शून्य. मग तो दहा प्रश्नांचा कागद पुढे केला. मी भरून दिला. त्यांनी वाचला, चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

‘कपड्यांच्या प्रश्नाला “बराच” लिहिलंय तुम्ही. अंगावर तर काही नाहीये.’

‘हो.’

‘चुकून खूण झाली का?’

‘नाही.’

त्यांनी माझ्या बटण लावलेल्या मनगटांकडे बघितलं. बाहेर ऊन होतं, त्या स्वतः अर्ध्या बाहीत होत्या. ‘बरं,’ म्हणाल्या, आणि बेरजेत ते दोन गुण तसेच धरले.